कळविण्यात येते, पण कळते काय?

१९८३ सालची गोष्ट. एका कारखान्याच्या कचेरीत, कामगार विभागात, मी कारकून होतो. यंत्रशाळेतील एक कामगार आजारपणात वारला आणि त्याच्या फंडाची रक्कम मिळावी म्हणून त्याच्या पत्नीने अर्ज केला. अर्जाला मृत्यूच्या दाखल्याची जी प्रत जोडली होती, तिच्यावर साक्षांकनाची सही नव्हती. उणीव एवढीच होती. मी नेहमीच्या सरावाने पत्राचा मसुदा तयार केला : ‘आपला संदर्भांकित अर्ज परिपूर्ण नसल्याने तो विचारात घेता येत नाही. आवश्यक त्या कागदपत्रांची यथोचित पूर्तता झाल्याखेरीज पुढील कार्यवाही करणे शक्य होणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.’ साहेबांची सही झाली, जावक क्रमांक पडला, पत्र टपालात गेले. माझ्या दृष्टीने काम संपले.

ती बाई कचेरीत आली, ती अकरा महिन्यांनी. भावाला बरोबर घेऊन. घड्यांवर फाटत आलेले ते पत्र तिने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, ‘‘साहेब, तुम्ही नाही म्हणालात ते ठाऊक आहे. पण पोराची फी भरायची आहे. थोडं तरी मिळेल का?’’ शेजारच्या शाळकरी मुलाने तिला पत्र वाचून दाखविले होते. ‘विचारात घेता येत नाही’ याचा अर्थ त्याने ‘मिळणार नाही’ असा लावला होता. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? मधल्या काळात तिने हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. हक्काची रक्कम मात्र अकरा महिने कचेरीत नुसती पडून होती. जी सही हवी होती, ती त्याच दिवशी अर्ध्या तासात मिळाली.

त्या पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती. शुद्धलेखन निर्दोष होते. ‘कृपया’ होते, आदरार्थी ‘आपला’ होते. नव्याने येणाऱ्या कारकुनांना आम्ही ते नमुना म्हणून दाखवीत असू. उणीव होती ती एवढीच की, ज्या एका व्यक्तीसाठी ते लिहिले होते, तिला त्यातून काहीच कळले नाही. काय कमी आहे, ते कोठून आणायचे, आणल्यावर काय होईल, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात पत्ता नव्हता.

आज व्यवहारातील संवादकौशल्याविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याचे वर्ग चालतात, त्यावरची पुस्तके खपतात, नोकरीच्या मुलाखतीत त्याला गुण असतात. परंतु या साऱ्या चर्चेत संवाद म्हणजे बोलण्यातील सफाई, चेहऱ्यावरचे हास्य आणि इंग्रजीचा फर्डेपणा असे समीकरण झालेले दिसते. वस्तुतः प्रश्न सफाईचा नाही, जबाबदारीचा आहे. ज्याच्याजवळ माहिती आहे त्याने ती अशी सांगावयाची, की ज्याला तिची गरज आहे त्याला ती उमजावी आणि त्याप्रमाणे वागता यावे. समजून घेण्याचे ओझे वाचणाऱ्यावर नाही, समजावून देण्याचे ओझे लिहिणाऱ्यावर आहे. एवढे एक तत्त्व मान्य केले तर बाकीचे बरेचसे आपोआप मार्गी लागते.

कर्ता हरवलेले वाक्य

कचेरीच्या मराठीत एक वाक्यरचना अजरामर आहे : ‘कळविण्यात येते की...’ कोण कळवितो? उत्तर नाही. ‘निदर्शनास आले आहे’, ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘कार्यवाही करण्यात येईल’. या वाक्यांत क्रिया आहे, कर्म आहे. कर्ता मात्र बेपत्ता आहे. ही केवळ शैलीची लकब नव्हे. कर्ता नाहीसा झाला की त्याच्याबरोबर जबाबदारीही नाहीशी होते. ‘मी तुमचा अर्ज पुढे पाठवीन’ असे म्हटले तर उद्या कोणी विचारील, पाठविलास का? ‘अर्ज पुढे पाठविण्यात येईल’ असे म्हटले की विचारावयाचे कोणाला? आम्ही कारकुनांनी ही भाषा विद्वत्तेच्या हौसेने स्वीकारलेली नाही, भीतीपोटी स्वीकारली आहे. स्पष्ट लिहिले तर आपण त्या शब्दांत अडकू, ही ती भीती. म्हणून दुर्बोध पत्र लिहिणाऱ्याला भाषा येत नसते, हे नेहमीच खरे नसते. पुष्कळदा त्याला अडकायचे नसते, इतकेच.

हा दोष सरकारी कचेऱ्यांपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. खासगी कंपन्या, बँका, विमा कंपन्या, गृहनिर्माण संस्था, शाळा, सहकारी पतपेढ्या या सर्वांच्या पत्रव्यवहारात तो सारखाच आढळतो. हल्ली पत्राची जागा ई-मेलने आणि भ्रमणध्वनीवरील संदेशाने घेतली आहे. पण साधन बदलले म्हणून वाक्य बदलले नाही.

उंदराने नेलेली वात

या विषयातील उत्तम नमुना शोधण्यासाठी आपणांस परदेशी पुस्तकांकडे धावण्याची गरज नाही. तो साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूण परिसरातील घोडदळाच्या छावणीला पाठविलेले एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ते जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे. कारकुनांचा त्यात स्वतंत्र उल्लेख असावा, ही गोष्ट मला व्यक्तिशः फार मोलाची वाटते.

विषय रूक्षच आहे : पावसाळ्यात पागेसाठी साठविलेला दाणा व गवत जपून वापरणे. आजच्या कचेरीत यावर ‘उपलब्ध साधनसामग्रीचा काटकसरीने विनियोग करण्याबाबत’ असे परिपत्रक निघाले असते आणि ते फायलीत जाऊन पडले असते. त्या पत्रात काय आहे? आधी वस्तुस्थिती आहे : साठा बराचसा खर्च झाला आहे, उरलेला मोठ्या प्रयासाने जमविला आहे. मग परिणामांची साखळी आहे. आता मन मानेल तसे चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल; कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत, तेही निघून जातील. त्यांना मोगल परवडले, असे वाटेल. ज्याला जे हवे, त्याने ते बाजारातून विकत आणावे. पगार त्यासाठीच दिला आहे.

नंतर येतो तो आगीचा इशारा. ‘आगीपासून सावधगिरी बाळगावी’ एवढ्यावर तो थांबत नाही. कोणी चूल पेटवील, कोणी तमाखूसाठी विस्तव नेईल, गवत पडले आहे आणि वारा सुटला आहे हे कोणाच्या ध्यानात येणार नाही. एका खणाला आग लागली की सारे खण जातील. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. आणि एकदा सारे जळाल्यावर कोणाला कितीही कठोर शिक्षा केली, तरी नवा खण उभारावयाला एक लाकूड मिळणार नाही.

त्या उंदराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. तो अलंकार म्हणून आलेला नाही. आग कशी लागते, याचा प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्या माणसाने ती अशा माणसासमोर उभी केली आहे, की ज्याला झोपण्यापूर्वी दिवा मालवावयाचा आहे. पत्र ऐकणाऱ्या शिपायाला त्या रात्री दिवा पाहताना उंदीर आठवला असेल. संवाद परिणामकारक होतो म्हणजे नेमके हेच होते. त्या पत्राची भाषाही छावणीतल्या माणसांची आहे. तीत त्या काळी बोलण्यात रुळलेले फारसी शब्द सर्रास येतात. ज्या राजाच्या आज्ञेवरून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, त्याच राजाच्या कचेरीतून हे पत्र गेले आहे. कोश कोणासाठी आणि हुकूम कोणासाठी, याचा विवेक त्या दरबाराला होता.

शेवटच्या ओळीतले सत्य

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच काळातले आहे, आणि तेही धोक्याच्या इशाऱ्याचेच आहे. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ अंतराळयानाने उड्डाण केले. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताचा विचार करून वरिष्ठांपुढे सरकचित्रांच्या साहाय्याने निष्कर्ष मांडले. पुढे १ फेब्रुवारी रोजी पृथ्वीच्या वातावरणात परतताना ते यान टेक्सासच्या आकाशात भंगले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले. कर्नालची कन्या कल्पना चावला त्यांपैकी एक होती.

चौकशी मंडळाने २००३ च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात त्या सरकचित्रांपैकी एकाची स्वतंत्र चिकित्सा केली आहे. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेले त्याचे विश्लेषण त्यात आहे. त्या चित्राचा मथळा दिलासा देणारा होता. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, उप-उपमुद्दे अशी उतरंड होती. ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच शब्द त्यात पाच वेळा आला होता; पण लक्षणीय म्हणजे किती, हे कोठेच स्पष्ट नव्हते. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट होती : ज्या चाचण्यांच्या आधारे निष्कर्ष काढले होते, त्या तीन घनइंच आकाराच्या तुकड्यांवर झाल्या होत्या, प्रत्यक्षात विचार करावयाचा होता तो १९२० घनइंचांच्या तुकड्याचा. म्हणजे ६४० पट मोठ्या तुकड्याचा!

‘आम्ही ज्याची परीक्षा केली, त्याच्या सहाशे पट मोठा तुकडा पंखावर आदळला आहे, त्यामुळे काय झाले असेल ते आम्हांला सांगता येत नाही’ : एवढे एक वाक्य मथळ्याच्या जागी असते तर? यान वाचलेच असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. दुर्घटनेची कारणे अनेक होती, आणि मंडळाने मुख्य बोट ठेवले ते त्या संस्थेच्या कार्यपद्धतीवर व वृत्तीवर. परंतु त्या चित्रावरून हा प्राणावर बेतलेला प्रसंग आहे, हे एखाद्या वरिष्ठाच्या ध्यानात न येणे सहज शक्य होते, असा अभिप्राय मंडळाने नोंदविला आहे. माहिती दडविली नव्हती. ती कागदावर होती. फक्त ती अशा जागी आणि अशा शब्दांत होती, की ती असून नसल्यासारखी झाली. माझ्या १९८३ च्या पत्रातही खोटे काही नव्हते.

दोन्ही इशारे शेजारी ठेवून पाहावेत. एकाच्या लेखकाजवळ वेगाची गणिते आणि संगणक होते, दुसऱ्याच्या लेखकाजवळ बोरू. पण उंदराची वात दिसते आणि सहाशे पट मोठा तुकडा दिसत नाही!

दुर्बोधतेचे नवे लाभार्थी

कोणी म्हणेल, कचेरीची भाषा अवघड असली तरी लोक कोणाला तरी विचारून काम भागवितात. त्यात एवढे काय बिघडले? बिघडले आहे ते अलीकडे फार स्पष्ट दिसू लागले आहे. ‘आपले खाते निलंबित करण्यात येत आहे’, ‘आपणांविरुद्ध कार्यवाही प्रस्तावित आहे’ अशा थाटाचे संदेश पाठवून भामटे लोकांना लुबाडीत आहेत. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. तरीही दूरध्वनीवरून कोणी ती झाल्याचे सांगितले, तर चांगली शिकलीसवरलेली, निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे घाबरून आयुष्यभराची पुंजी हवाली करतात. पंतप्रधानांना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या आकाशवाणीवरील भाषणातून यासंबंधी देशाला सावध करावे लागले.

ही माणसे फसतात ती मूर्ख असतात म्हणून नव्हे. वर्षानुवर्षे खऱ्या कचेऱ्यांनी त्यांना अशाच भाषेची सवय लावली आहे : न समजणारी, धाक घालणारी, कारण न सांगणारी. खरी बँक आणि खोटी बँक एकाच सुरात बोलू लागली, तर ग्राहकाने ओळखावे कसे? खऱ्या संस्थांची पत्रे नेहमीच साधी, सकारण आणि शांत असती, तर धमकीवजा संदेश आल्याबरोबर माणूस म्हणाला असता, ‘छे! आमची बँक अशी लिहीत नाही.’ सुबोधता हे अशा रीतीने ग्राहकाचे संरक्षणही आहे.

शब्दांना दोष देऊ नये

या विषयावर बोलताना आपल्याकडे चटकन ‘अवघड मराठी शब्दां’वर घसरण्याची रीत आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषेचा कायदा झाला, पदनाम कोश आणि पुढे शासन व्यवहार कोश निघाले. त्या परिभाषेची टिंगल तेव्हाही झाली आणि आजही होते. काही टिंगल योग्य होती. परंतु नवा शब्द रुळतो की नाही, हे वापर ठरवितो. ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ हे सावरकरांनी सुचविलेले शब्द आज कोणालाही बोचत नाहीत. उलट, ‘फंड’, ‘बँक’, ‘चेक’, ‘रक्कम’ हे बाहेरून आलेले शब्दही मराठीचेच झाले आहेत.

अडचण शब्दाची नसून वाक्याची आहे. आपली कचेरी मनात इंग्रजी मसुदा तयार करते आणि मग त्याचे एकेक पद मराठीत ठेवीत जाते. त्यामुळे ‘जर’, ‘तर’, ‘खेरीज’, ‘अन्वये’, ‘संदर्भात’ यांच्या वेलांट्या घेत चाळीस शब्दांचे वाक्य तयार होते आणि क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याचा श्वास संपतो. मराठीत क्रियापद शेवटी येते; म्हणून मराठी वाक्य आखूड असावे लागते, हा साधा हिशेब आपण विसरतो. गंमत अशी की, इंग्रजांना स्वतःच्या कचेरीतील इंग्रजीही सोसवली नाही. सर अर्नेस्ट गोवर्स या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून १९४८ मध्ये सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्‌स’ हे साध्या लेखनाचे पुस्तक लिहिले. त्यांनी टाकून द्यावयाला सांगितलेली वळणे आपण मराठीत जतन करून ठेवली आहेत!

व्यापाराची गरज

व्यापारउदिमात तर सुबोधतेला रोकड किंमत आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी १९९८ मध्ये तेथील रोखे बाजाराच्या नियामकाने काढलेल्या साध्या इंग्रजीच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिली आहे. कंपनीचा वार्षिक वृत्तान्त लिहिताना आपण आपल्या दोन बहिणींशी बोलत आहोत अशी कल्पना करतो, असे त्यांनी तीत सांगितले आहे. बहिणी बुद्धिमान आहेत, पण हिशेब-वित्त यांतल्या तज्ज्ञ नाहीत. त्यांना अडाणी समजायचे नाही आणि सर्वज्ञही समजायचे नाही. यापेक्षा चांगली कसोटी मला ठाऊक नाही. प्रत्येकाला अशी एक बहीण, मामा, शेजारीण असतेच.

आपल्याकडेही या बाजूने एक पाऊल पडले आहे. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकान्वये, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या व्यक्तिगत कर्जांसाठी व लघुउद्योगांच्या कर्जांसाठी ऋणकोला मुख्य तथ्यांचे एक विवरणपत्र देणे आवश्यक केले. कर्जाचा सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात सांगावयाचे असते. त्या पत्रात न दाखविलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे लावता येत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, ते पत्र ऋणकोला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. ‘समजेल अशा’ या दोन शब्दांत फार मोठा हक्क आहे. कर्ज घेणाऱ्याने तो मागून घ्यावा. सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर पेन टेकविण्यापूर्वी ‘हे मला मराठीत समजावून सांगा’ असे म्हणण्यात कमीपणा नाही.

मात्र नुसती स्पष्टता म्हणजे संवाद नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पुण्यातील सुप्रसिद्ध पाट्या पाहाव्यात. दुकान कधी बंद, चौकशी कोणती करू नये, वाहन कोठे लावू नये, याविषयी त्या तिळमात्र संदेह ठेवीत नाहीत. त्यांची कीर्ती सर्वत्र आहे, परंतु त्यांच्यामुळे गिऱ्हाईक वाढल्याचे ऐकिवात नाही. पाटीत स्पष्टता आहे, पण आस्था नाही. कचेरीच्या पत्रात आदरार्थी बहुवचन आहे, पण स्पष्टता नाही. जुनी कपडे-भांडीवाली बोहारीण या दोहोंच्या पलीकडची. ती दारात बसकण मारते, घरातल्या मुलांची चौकशी करते, पातेले उलटे करून त्याचा बूड वाजवून दाखविते आणि एका साडीवर ते मिळणार नाही, हे अगदी निःसंदिग्धपणे सांगते. तिचा नकारही आपणांस तोडून टाकीत नाही, कारण त्या नकारापुढे ‘अजून एक पँट टाका’ हा मार्ग ती लगेच दाखविते. माझ्या त्या पत्रात नेमके हेच नव्हते : नकार होता, पुढचा मार्ग नव्हता.

काय करता येईल?

उपाय फार खर्चाचे नाहीत. कारकून बंधुभगिनींनी प्रत्येक पत्र टपालात टाकण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. हे पत्र कोण वाचणार? वाचून त्याने काय करावयाचे आहे? केव्हापर्यंत? आणि न केल्यास नेमके काय होईल? या चारांची उत्तरे पहिल्या चार ओळींत असावीत. कलमे, नियम, संदर्भ क्रमांक हे सारे त्यांच्याखाली खुशाल यावे. माझे ते पत्र आज मी असे लिहीन :

‘तुमचा अर्ज मिळाला. तुमच्या पतीच्या फंडाची रक्कम तुम्हांला मिळावयाची आहे. त्यासाठी एकच कागद कमी आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही व शिक्का हवा. अशी प्रत घेऊन कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते पाच या वेळात आमच्याकडे या, किंवा टपालाने पाठवा. प्रत मिळाल्यावर आम्ही तुमचा अर्ज लगेच मंजुरीसाठी पाठवू. अडचण असल्यास मला भेटा.’ आणि खाली नाव.

यात विद्वत्ता नाही. शेवटी नाव घालताना हात किंचित थरथरेल, हे मी जाणतो. ते नाव म्हणजेच हरवलेला कर्ता. वरिष्ठांनीही येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : स्पष्ट लिहिणाऱ्या कनिष्ठाला एखाद्या शब्दावरून कोंडीत पकडले जात असेल, तर तो पुन्हा ‘कळविण्यात येते’च्या आडोशाला जाईल. भाषा सुधारावयाची तर आधी भीती कमी केली पाहिजे.

शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. शालान्त परीक्षेत उपयोजित लेखन म्हणून पत्रलेखन असते. मुले कोण्या काल्पनिक पुस्तकालयाच्या व्यवस्थापकाला पुस्तकांची मागणी करतात. मायना, पत्ता, दिनांक, समाप्ती यांना गुण मिळतात आणि पत्र उत्तरपत्रिकेतच राहते. त्याला कधी उत्तर येत नाही. म्हणून आपले लिहिणे कोणाला समजले की नाही, हे मुलाला कधी कळतच नाही. त्याऐवजी वर्षातून दोन तरी पत्रे खरी लिहून घ्यावीत : वर्गातल्या गळक्या छपराविषयी पालिकेला, बसच्या अवेळी येण्याविषयी आगारप्रमुखाला. पत्र लिहून झाल्यावर ते दुसऱ्या मुलाला वाचावयाला द्यावे आणि न पाहता त्यातला आशय सांगावयास लावावे. त्याने सांगितलेले आणि लिहिणाऱ्याच्या मनातले जुळले, तर गुण द्यावेत. ही परीक्षा व्याकरणाच्या परीक्षेहून कठीण आहे, पण आयुष्यभर उपयोगी पडणारी आहे.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, संवादकौशल्याच्या वर्गात जे शिकाल ते शिका. मात्र बोलण्याची ढब येण्यापूर्वी सांगण्यासारखे काय आहे, ते आपल्यापाशी नीट असू द्या. ज्याला स्वतःला विषय समजलेला नाही, त्याचे लिखाण कितीही घासूनपुसून काढले तरी सुबोध होत नाही. आणि ज्याला विषय समजला आहे व समोरच्याविषयी आस्था आहे, त्याचे तोडकेमोडके शब्दही पोचतात. इंग्रजी येत असेल तर उत्तमच. पण मराठी माणसाशी मराठीत स्पष्ट व्यवहार करता येणे, हीही एक दुर्मीळ पात्रता होऊ लागली आहे.

त्या बाईला तिची रक्कम मिळाली. मुलाची फी भरली गेली. पाटल्या परत आल्या की नाही, हे मला कधी विचारवले नाही. जाताना तिने मला नमस्कार केला, आभारही मानले. माझ्याविषयी तिच्या मनात राग नव्हता, कारण त्या पत्राचा लेखक कोण, हे तिला ठाऊकच नव्हते. पत्रात तसे कोठे लिहिलेले नव्हते. ते फक्त ‘कळविण्यात’ आले होते.